शंखाला दारं किती

दिल्लीहून कोलकात्याला आलेल्या वास्तुविशारद क्षितिज मेहरोत्राने संग्रहालयाचा आराखडा समितीपुढे मांडायच्या आधी पिशवीतून एक शंख काढला आणि तोंडाला लावला. शंख वाजला नाही. गाल फुगले, डोळे बाहेर आले, आतून नुसती फुसफुस ऐकू आली. शेवटी चहाचे कप गोळा करायला आलेल्या शिपाईबाईंनी हात पुढे केला, पदराने शंख पुसला आणि असा फुंकला की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. ज्या मुलखात घरोघरच्या बायका रोज तिन्हीसांजेला शंख वाजवतात तिथे येऊन शंख वाजवून दाखवायची ही हौस. श्यामकांत चौबळांनी त्याच क्षणी या माणसाची पायरी ओळखली.

दुसऱ्याची पायरी ओळखणं ही चौबळांची जुनी खोड होती. केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं काढून ते अधीक्षक अभियंता झाले होते, तीन वर्षांपूर्वी बदलीवर कोलकात्याला आले होते आणि येत्या मार्चअखेर निवृत्त व्हायचे होते. एवढ्या काळात ज्याच्याबद्दल आदर वाटावा असा माणूस त्यांना खात्यात भेटला नव्हता आणि खात्याबाहेर तर भेटायचा प्रश्नच नव्हता. ठेकेदार लबाड, वास्तुविशारद दिवटे, हाताखालचे इंजिनिअर अडाणी आणि वरचे त्याहून अडाणी. तोंडावर मात्र ते कुणाला काही बोलत नसत. तुच्छतेचा सगळा कारभार मनातल्या मनात चाले आणि उरलासुरला घरी बायकोच्या, लीनाच्या, वाट्याला येई.

क्षितिजचा आराखडाही शंखाचाच होता. बायपासजवळच्या सरकारी जागेवर पूर्वेकडच्या कलांचं प्रादेशिक संग्रहालय उभं राहणार होतं. मेदिनीपूरचे गुंडाळून ठेवायचे चित्रांचे पट, कृष्णनगरच्या मातीच्या बाहुल्या, कांथ्याचं भरतकाम, पितळी मूर्ती असा सगळा ऐवज एका पांढऱ्याशुभ्र तीन मजली शंखाच्या पोटात जाणार होता. शंखाला तोंड एकच, म्हणून इमारतीला दार एकच. दारातून आत शिरलं की वळणावळणाचा एक रॅम्प वर जातो, माथ्यावर पोचलं की त्याच रॅम्पने परत खाली यायचं. आत जाणाऱ्याची आणि बाहेर येणाऱ्याची भेट झाली पाहिजे, असं क्षितिजचं तत्त्वज्ञान होतं, आणि ते त्याने चाळीस मिनिटं सांगितलं. माथा उघडा. पाऊस थेट आतल्या कुंडात पडणार, आणि तोही म्हणे एक प्रदर्शनाचाच भाग. ज्या शहरात जूनपासून कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे कागदाचे पट आणि मातीच्या बाहुल्या मधोमध पाऊस घेऊन बसणार होत्या.

समितीच्या अध्यक्ष नूपुर सान्याल कलेच्या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "अपूर्व." बाकीच्यांनी माना डोलावल्या. चौबळांनीही डोलावली.

दुसरं दार नियमाला लागतं आणि ते नकाशात होतंही. पण ते काढलं होतं मागच्या कोठीत. मौल्यवान वस्तूंची कोठी, म्हणजे तिला कुलूप आलं, आणि ज्याच्याकडे किल्ली तो नेमका रजेवर. उद्या आत आग लागली तर वरचे लोक खाली धावणार, खालचे वर चढत असणार आणि सात फुटी तोंडात सगळ्यांची ती भेट होणार. चौबळांना हे दिसायला पाच मिनिटंही लागली नाहीत. माणूस तुसडा असला तरी नकाशा वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चार जूनला त्यांनी स्वतःच्या हाताने दीड पानी टिपण लिहिलं. कोठीतलं दार हे दार धरता येत नाही, एवढ्या माणसांना एका रॅम्पवर आणि एका तोंडातून काढता येत नाही, सबब मंजुरी देता येत नाही. खाली सही केली, तारीख घातली.

टिपण फाइलला लागायच्या आतच दिल्लीहून फोन आला. वरच्या कुणाचा तरी खाजगी सचिव होता, मंजुरी अजून का आली नाही असं विचारत होता, आवाज फार गोड. आराखडा वरपर्यंत पसंत पडलेला आहे, डिसेंबरात भूमिपूजन आहे, आणि दहा महिन्यांवर निवृत्ती आलेल्या माणसाने नसती चौकशी अंगाला का लावून घ्यावी, असं तो अगदी काळजीने म्हणाला. चौबळांनी टिपणाची घडी घालून ते खणात टाकलं. पंधरा जूनला त्यांनी मंजुरीच्या एकोणीस नकाशांवर सह्या केल्या.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी क्षितिज, तो सचिव, समिती आणि एकंदर देश यांची अक्कल काढली. लीना विळीवर वांगी चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि सही कुणी केली?" चौबळांनी टीव्ही लावला.

जुलैत पोल्टूदा घरी आले. पोल्टूदा म्हणजे सॉल्ट लेकमधल्या त्यांच्या ब्लॉकच्या पूजा समितीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, तोंडात सदा पान. इथल्या दुर्गापूजेचा मंडप म्हणजे आपल्याकडचा चार बांबू आणि ताडपत्रीचा मंडप नव्हे. कुठे राजवाडा उभा राहतो, कुठे परदेशातलं चर्च, सगळं बांबू, कापड आणि प्लायवुडचं, आणि पाच दिवसांत लाखो माणसं आतून फिरून जातात. पोल्टूदांना यंदाची कल्पना वर्तमानपत्रातल्या चित्रावरून सुचली होती: अजून न बांधलेलं संग्रहालय आपण आधीच बांधायचं, पूर्ण आकाराचं नाही तरी निम्म्या उंचीचं, आणि शंखाच्या पोटात देवी बसवायची. साहेब याच ब्लॉकात राहतात, तर नकाशे मिळतील का, असं ते विचारत होते.

चौबळांच्या मनात पोल्टूदांची पायरी पायपुसण्याच्याही खाली होती. पण त्या दिवशी त्यांनी त्यांना आग्रह करून दुसरा चहा पाजला. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा योग आपण होऊन दारात आला होता. एका तोंडातून लाखो लोक आत शिरतील, रॅम्पवर अडकतील, छताच्या भोकातून पाऊस देवीच्या मुकुटावर गळेल, आणि दुसऱ्या दिवशी सगळी वर्तमानपत्रं खो खो हसतील. क्षितिज मेहरोत्राचा शंख आपोआप बोंबलेल. चौबळांना फाइलवर एक ओळ लिहावी लागणार नव्हती. त्यांनी सही केलेल्या नकाशांच्या प्रती काढून पोल्टूदांच्या हातात दिल्या.

आठवड्याने मंडप बांधणारा आला. निमाई जाना, कांथीकडचा, पन्नाशीचा, खांद्यावर सुतळीचं वेटोळं. सोफ्याच्या अगदी कडेला बसून त्याने नकाशे गुडघ्यांवर पसरले आणि दारापासून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट रॅम्पने वर गेलं, खाली आलं, मागे कोठीत जाऊन थांबलं.

"सर, ये पीछे का दरवाजा कोठी से जाता है?"

"हां."

"कोठी में तो ताला रहेगा?"

"रहेगा." मग चौबळांनी त्याला आपल्या साताऱ्याच्या हिंदीत बजावलं, "देखो, कागज पे जैसा है वैसाच बनाने का. एक इंच इधर-उधर नहीं."

निमाईचं बोट कोठीवर आणखी थोडा वेळ राहिलं. मग "आच्छा" म्हणून त्याने नकाशे गुंडाळले, लीनाने दिलेलं पाणी प्यायला आणि निघून गेला. बांबूला सुतळी बांधणाऱ्याला काय डोंबल कळणार, असं चौबळ लीनाला म्हणाले.

लीना यंदा पूजेच्या बायकांत सामील झाली होती. तिला बंगाली बऱ्यापैकी येऊ लागलं होतं, भोगाची खिचडी ढवळायला ती जायची, आणि मंडपाच्या आत म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची रांग सांभाळायचं काम तिच्याकडे आलं होतं. षष्ठीपासून ती सकाळी बाहेर पडे ती उशिरा घरी येई. चौबळांनी तिला अडवलं नाही. त्यांच्या डोक्यात तेव्हा फक्त क्षितिजचं तोंड होतं.

सप्तमीला दुपारी तीनच्या सुमारास ते छत्री घेऊन मंडपाकडे निघाले. अर्धा तास चांगला पाऊस कोसळून गेला होता, आणि रांग मैदानाला वळसा घालून पार रस्त्यापर्यंत आली होती. चौबळांना बरं वाटलं. रांगेत उभं राहताना त्यांनी मनाशी दुसऱ्या दिवशीचे मथळेही जुळवून ठेवले. पण रांग थांबेचना. त्यांच्यापुढचं कुटुंब वेफर खात खात आत शिरलं, मागून ते शिरले, रॅम्पने वर गेले, माथ्यावरून देवी पाहिली, खाली उतरले आणि एकदम बाहेर आले. समोर पाणीपुरीची, म्हणजे इथल्या फुचक्याची, गाडी होती. आत शिरताना गाडी नव्हती. चौबळांनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण शंखाच्या शेपटीतून बाहेर पडलो आहोत.

ते रांगेत परत उभे राहिले. या वेळी त्यांनी इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं. पुढचं तोंड बाहेरून चित्रातल्यासारखंच दिसत होतं, पण शंखाचा ओठ जरा जास्त वळवून मोकळी जागा दुप्पट केली होती. चढायचा रॅम्प वेगळा, उतरायचा वेगळा, मध्ये बांबूचा कठडा. उतरणारा सरळ मागच्या दाराकडे जात होता, आणि मधल्या टप्प्यावर कापडाच्या पडद्याआड तिसरं दार होतं, पडदा नुसता सारला की बाहेर. छताच्या भोकाखाली पांढऱ्या कापडाचं भलं मोठं नरसाळं टांगलं होतं. खालून ते उजेडाच्या घुमटासारखं दिसे, आणि त्यात साचलेलं पाणी नळीतून मागच्या गटारात जात होतं. देवीचा मुकुट कोरडा ठणठणीत. शेजारचे एक गृहस्थ बायकोला सांगत होते की खरं संग्रहालय झालं की आपण दर रविवारी येऊ.

चौबळांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एका सुतळीवाल्याने त्यांचा बेत पार धुळीला मिळवला होता.

अष्टमीला खुद्द क्षितिज मेहरोत्रा विमानाने आला, बरोबर फोटोग्राफर, सोबत नूपुर सान्याल. चौबळांना खात्याच्या वतीने हजर राहावं लागलं. क्षितिज पुढच्या तोंडातून आत गेला, रॅम्पवर उभा राहून भेटीच्या तत्त्वज्ञानावर बोलला, खाली उतरला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. फुचक्याच्या गाडीसमोर उभं राहून त्याने कॅमेऱ्याला सांगितलं की हा मंडप म्हणजे हुबेहूब त्याचं रेखाटन आहे, एक रेघसुद्धा हललेली नाही. आपण कधीही न काढलेल्या वाटेने आपण आत्ताच बाहेर आलो, हे त्या दिवट्याच्या गावीही नव्हतं. आयुष्यात इतक्या मूर्खांना पाहिलेले चौबळही क्षणभर थक्क झाले.

पण हसं झालं नाही ते झालंच नाही. उलट पाच दिवसांत चार लाख माणसं शंखातून सुखरूप फिरून गेली, अशी बातमी छापून आली. दिल्लीहून पत्र आलं की पूर्ण आकाराच्या नमुन्यावर लोकांनी आराखड्याची कसोटी घेतलेली आहे, तेव्हा आता कुठलीही शंका उरलेली नाही. निम्म्या आकाराचा नमुना पत्रात पूर्ण झाला होता, पण ते सोडा. चौबळांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. एका दाराची इमारत आता तीन दारांच्या पुराव्यावर उभी राहणार होती, आणि तिच्या एकोणीसही नकाशांवर त्यांची सही होती.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते निमाईला शिव्या घालू लागले. त्याला बजावून सांगितलं होतं, एक इंच हलवू नकोस म्हणून, असं ते तणतणत होते. लीनाने कप खाली ठेवला.

"का सांगितलं होतंत?"

चौबळांनी तिला सगळा बेत सांगितला. सांगताना त्यांच्या आवाजात थोडी ऐटही होती, कारण बेत फसला असला तरी हुशारीचा होता असं त्यांना अजून वाटत होतं.  सगळं संपल्यावर लीनाने पदर खोचला.

"अहो, नवमीला रॅम्पवर एक आजी चक्कर येऊन पडल्या. मागून माणसं येतच होती. आम्ही पडदा सारून त्यांना त्या मधल्या दाराने दोन मिनिटांत बाहेर काढलं. ते दार नसतं तर?" ती थांबली. "तुम्हाला लोक हसायला हवे होते. हसले नसते, चेंगरले असते. आणि पाचही दिवस मी आत होते. तुम्हाला ठाऊक होतं मी आत आहे."

 लीना उठून आत गेली. ती चार दिवस कामापुरतंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चौबळांना पहिल्यांदाच स्वतःची पायरी दिसली, आणि ती क्षितिज मेहरोत्राच्या बरीच खाली होती. त्या पोराला निदान काही कळत नव्हतं. यांना सगळं कळत होतं.

त्यानंतर आठ दिवस त्यांनी खणातलं टिपण काढलं, वाचलं आणि परत ठेवलं. टिपण बाहेर काढलं तर आराखडा अडेल हे खरं, पण त्यावर चार जूनची तारीख होती. सही पंधरा जूनची. म्हणजे चूक नजरेतून सुटली असं म्हणायची सोय त्या कागदानेच काढून घेतली होती. नवीन कागद करावा, नवी तारीख घालावी, मंडप पाहिल्यावर शंका आली असं लिहावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. एकदा तर त्यांनी कोरा कागद पुढे ओढलाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात समितीची शेवटची बैठक भरली. आराखड्यावर अध्यक्षांची सही व्हायची होती आणि त्याआधी क्षितिजच्या खास सूचनेवरून निमाई जानाचा सत्कार होता: नकाशाबरहुकूम नमुना उभारल्याबद्दल उत्तरीय आणि मिठाई. निमाई इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि टेबलापासून लांब, भिंतीला टेकून उभा होता. क्षितिजने त्याच्या खांद्यावर उत्तरीय घातलं, त्याला जवळ ओढून फोटो काढला आणि म्हणाला की कारागिराने आपली अक्कल न चालवता कलावंतावर विश्वास टाकला की काय घडतं ते हे बघा. शिपाईबाई संदेश मिठाईची ताटली फिरवत होत्या. नूपुरबाईंनी सही करायला पेन काढलं.

चौबळ उभे राहिले. आपण उठणार आहोत हे त्यांना उठेपर्यंत ठाऊक नव्हतं. ते म्हणाले की सहीच्या आधी निमाईला एक प्रश्न विचारायचा आहे.

"निमाईबाबू, मंडप को दरवाजा कितना बनाया?"

निमाईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "तीन, सर."

"और कागज पे कितना था?"

"एक." जरा थांबून तो म्हणाला, "दूसरा ताला के पीछे था."

क्षितिज हसला. असं कसं असेल, मी स्वतः चालून आलोय, असं तो म्हणाला. नूपुरबाईंनी पेन खाली ठेवलं, नकाशा पुढे ओढला आणि दारापासून बोट फिरवायला सुरुवात केली. रॅम्पने वर, रॅम्पने खाली. अष्टमीला त्यांनी फुचक्याच्या गाडीवर दोन फुचके खाल्ले होते, आणि ती गाडी मागच्या गल्लीत होती. त्यांचं बोट कोठीपाशी थांबलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी निमाईला बंगालीत विचारलं की तू हे का बदललंस आणि बदललंस तर कुणाला सांगितलं का नाहीस.

निमाईने उत्तर मात्र हिंदीत दिलं, कारण ते चौबळांना समजायला हवं होतं. अग्निशमनवाल्यांना मंडपाला दोन दारं लागतात, एक जायचं, एक यायचं. तिसरं त्याने आपल्या मनाने केलं. त्याच्या गावचे लोक, घरची माणसं दरवर्षी त्याचा मंडप बघायला येतात. राहता राहिलं न सांगण्याचं, तर त्याने उत्तरीयाचं टोक बोटाला गुंडाळलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर का साइन देखा था. हम सोचा, सर पढ़ा नहीं होगा. बड़ा आदमी का कितना काम रहता है."

तो खरंच असं समजत होता की नाही, कोण जाणे. पण त्याने चौबळांसाठी एक वाट मोकळी करून दिली होती, मंडपातल्या त्या पडद्यासारखी. नुसता पडदा सारायचा. एकोणीस नकाशे, कामाचा बोजा, नजरचूक. समितीतलं कुणीतरी म्हणालंसुद्धा, की चालायचंच, माणूस आहे. क्षितिजने तर जोरात मान हलवली, कारण चूक कुणाची तरी ठरली की ती त्याची नव्हती.

"पढ़ा था," चौबळ निमाईला म्हणाले. "पढ़के साइन किया."

बैठकीला येताना त्यांनी खणातलं टिपण खिशात टाकलं होतं; ते काढून त्यांनी नूपुरबाईंच्या पुढे ठेवलं. नूपुरबाईंनी ते दोन्ही पानं वाचलं, मग खालची तारीख पाहिली, मग नकाशावरच्या सहीखालची तारीख पाहिली. या अकरा दिवसांत असं काय झालं, असं त्यांनी विचारलं.

"काही नाही," चौबळ म्हणाले. मराठीत बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तेच हिंदीत सांगितलं. "कुछ नहीं. डर गया."

 शिपाईबाई ताटली धरून तशाच उभ्या होत्या. चौकशी लागणार हे चौबळांना कळून चुकलं होतं, मार्चची निवृत्ती आता सरळ होणार नव्हती हेही कळून चुकलं होतं, आणि क्षितिज फोन घेऊन बाहेर धावला तेव्हा तो कुणाला फोन लावणार हेही. त्याची त्यांना फारशी भीती वाटली नाही. त्यांना सोसवलं नाही ते वेगळंच. आजवर ज्याला ज्याला त्यांनी तुच्छ लेखलं त्याच्याकडे ते खुशाल बघत आले होते. निमाई मात्र मान खाली घालून उभा होता. चौबळांची लाज आपण पाहिली असं त्यांना वाटू नये म्हणून हा सुतळीवाला नजर चुकवत होता.

नूपुरबाईंनी सहीच्या जागेवर आडवी रेघ मारली आणि निमाईला टेबलाशी बोलावून म्हणाल्या, दारं कुठे कुठे केलीस ते दाखव. निमाई जागचा हलेना. चौबळांनी आपली खुर्ची ओढून त्याला बसायला दिली आणि स्वतः शेजारी उभे राहून पेन्सिल काढली.

"कहां?" त्यांनी विचारलं.

निमाईने नकाशावर बोट ठेवलं, आणि चौबळांनी तिथे खूण केली.